तिसरा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या पोटाला पोचा आहे आणि झाकण सैल झालं आहे. पण एके काळी ते उघडायला चमच्याची दांडी घालून उचकटावं लागे!

माझी नोकरी वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत होती. वीज तयार करायला लागणारा कोळसा परदेशातून बोटीने यायचा. दिसायला सगळा सारखाच काळा. त्यात दगडमाती किती, ते जाळल्यावर उरणाऱ्या राखेवरून कळतं. म्हणून आमच्या तपासनीस ताई ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून कोळसा घेत, दळून एकत्र करत आणि त्याचे तीन वाटे करत. एक स्वतःसाठी, दुसरा विकणाऱ्यासाठी आणि तिसरा माझ्यात. मग मला लाखेने बंद करून दोन्ही बाजूंच्या सह्या होत आणि मी कपाटात जाई. दोघांचं पटलं नाही, तरच मला उघडायचं. बाकीचे डबे भट्टीपाशी मिरवत आणि मी आपला अंधारात. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण ताई मला न चुकता फडक्याने पुसत.

एकदा ताईंच्या तपासणीत राख फारच निघाली. विकणाऱ्यांकडून दर बोटीबरोबर येणारे काका काही केल्या ऐकेनात, कारण त्यांच्या तपासणीत कोळसा उत्तम होता. साहेब म्हणाले, ताईंचा शब्द पुरे, माल परत पाठवा. ताईंनी मात्र कपाटाची किल्ली काढली.

मला तिसऱ्याच प्रयोगशाळेत नेऊन दोघांसमोर लाख फोडली. ताई माझ्या फार लाडक्या, त्याच खऱ्या ठराव्यात असं मनापासून वाटत होतं. पण पोटात होतं तेच मी देऊ शकत होतो. राख निघाली ती काकांच्या आकड्याइतकीच.

परत आल्यावर ताईंनी आपली भट्टी तपासली. तिचा उष्णता दाखवणारा काटा बिघडला होता. ती पुरेशी तापतच नव्हती, त्यामुळे अर्धवट जळलेला कोळसाही राखेत मोजला गेला होता. ताईंचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत कमावलेलं नाव होतं ते. तरी त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या आणि काकांदेखत म्हणाल्या, "भट्टी आमची चुकली. कोळसा चांगला आहे."

काका विरघळलेच. "ताई, यापुढे तुम्ही वाईट म्हणालात तर वाईट. डबा उघडायला नको."

"उघडायचा," ताई म्हणाल्या. "मी म्हणते म्हणून काही मानू नका."

त्या संध्याकाळी त्यांनी मला नेहमीसारखं पुसलं आणि जागेवर ठेवलं. पुढे एका बोटीत खरोखरच दगड निघाले. तेव्हाही मला उघडलं, आणि काकांनी हूं की चूं न करता माल परत नेला.

मग एकदा मी कपाटातून पडलो आणि भंगारात गेलो. निवृत्त होताना ताईंनी रीतसर विचारून मला घरी आणलं. आता त्यांच्या दोघी नाती खाऊवरून भांडल्या, की तिसरा वाटा माझ्यात असतो. परवा धाकटीने तक्रार केली, की आजी, याचं झाकण सैल आहे. ताई म्हणाल्या, "म्हणून तर तो दोघींच्या मध्ये ठेवलाय, दोघींच्या डोळ्यांसमोर."

मित्रांनो, डब्यांची झाकणं जपा, त्यांना पाडू नका. आणि कुणी विश्वासाने तुमच्याकडे काही ठेवलं, तर ते उघडायची वेळ येईल तेव्हा सगळ्यांसमोर उघडा. लाडकं माणूस समोर असलं तरी पोटात असेल तेच द्या. ते खरंच लाडकं असेल, तर रागावत नाही. फडक्याने पुसून तुम्हाला पुन्हा जागेवर ठेवतं.