नळाचं तिसरं उद्घाटन

आमच्या गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आमचा सरपंच पंतेलेई ते छापून आलं म्हणून मिरवत बसेल. राजधानी किशिनाऊपासून लांब, द्राक्षांच्या उतारावर आहे, एवढं पुरे. गावात पाइप आहेत, नळ आहेत, नळांना निळा रंगही आहे. पाणी तेवढं नाही. पंपाचा पैसा राजधानीतून निघाला आणि वाटेत कुठं जिरला ते त्या पैशालाच ठाऊक. आम्ही अजून विहिरीच्या रहाटाला लोंबकळतोय.

उद्घाटनं मात्र झाली. दोनदा, आणि दोन्ही निवडणुकीच्या तोंडावर. फीत तीच. कापली की पंतेलेईची बायको तिला गाठ मारून कपाटात ठेवते. पाहुण्यापुढं धरायचा पाव दरवेळी मी भाजते. वेणी घालून वळलेला गोल पाव, मधल्या खळग्यात मीठ. पाहुण्यानं तुकडा मोडायचा, मिठाला लावायचा, खायचा, की लगेच वाइनचा पेला. माझ्या हाताला चव आहे, म्हणून अगाफिया काकूशिवाय उद्घाटन होत नाही.

माझी लेक व्हिओरिका बोलोन्यात इटलीच्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालते. नात तिच्याजवळच वाढतेय. ती फोनवर इटालियनमध्ये चिवचिवते आणि मी नुसती मान हलवते. फोन ठेवला की रडू येतं. लेकीची अट एकच.

"आई, नळाला पाणी आलं की मी आलेच. पण पोरीला बर्फात बादली ओढायला लावणार नाही."

असं माझं घोडं त्या नळाशी अडलेलं. आणि या वसंतात पंतेलेई पुन्हा दारात.

"काकू, पाव लागेल हं. उपमंत्री येताहेत."

"आणि पाणी?"

"अहो, उपमंत्री येताहेत म्हणतोय ना!"

"मेल्या, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"शाळेमागं टँकर लावतोय. साहेब असेपर्यंत नळ वाहिला म्हणजे झालं."

"टँकर कुणाचा?"

"डेअरीचा."

त्या टँकरमधून चीज काढल्यावरचं आंबूस पाणी डुकरांना जातं, आणि पंतेलेई काही तो घासूनपुसून घेणाऱ्यातला नव्हे. माझं डोकं फिरलंच होतं, आता चालायलाही लागलं. आजवर एकाही साहेबानं त्या नळाला तोंड लावलं नव्हतं. समोर वाइन असताना कोण लावेल? या साहेबाला लावायला लावायचं. तो थुंकेल, ओरडेल, हे पाणी आलं कुठून म्हणून विचारेल, मग पंपाची गोष्ट निघेल. वाइनचा जग शेजारच्या झिनाइदाकडं असतो. तिला म्हटलं, "उद्या तू जग घरी विसर." ती म्हणाली, "बाई, गावाची अब्रू जाईल!" मी म्हटलं, "असली तर जाईल."

आणि पिठात मीठ घातलं. चांगलं ओंजळभर.

उपमंत्री आले. गुटगुटीत, गोड माणूस. लोकांना दिसावं म्हणून पावाचा हा एवढा तुकडा मोडला, खळग्यातल्या मिठात घोळवला आणि तोंडात टाकला. आधी हसले. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे पाणावले.

"वाइन!" पंतेलेई कुजबुजला.

"विसरले बाई," झिनाइदा म्हणाली.

"पाणी," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पाणी द्या कुणीतरी!"

मी नळाकडं बोट केलं. "आपलाच आहे की साहेब. घ्या."

पंतेलेई मधे धावला, पण तहानेपुढं सरपंच कोण? दोन गाठींची फीत साहेबांनी हातानंच बाजूला सारली, नळ सोडला आणि ओंजळ लावली. पाणी आलं. पांढुरकं, आणि वास असा की पुढच्या रांगेतला बँडवाला मागं सरकला. साहेब प्यायले. थांबले. पंतेलेईकडं पाहिलं. माझा जीव कानात गोळा झाला होता.

"खनिजं आहेत साहेब," पंतेलेई म्हणाला.

साहेबांनी कॅमेऱ्याकडं पाहिलं. तोंड पुसलं. "अप्रतिम," ते म्हणाले. "असं सकस पाणी राजधानीतसुद्धा मिळत नाही!" आणि आणखी एक ओंजळ प्यायले. टाळ्या. आमच्या गावाला आदर्श पाणीपुरवठ्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. मला घरी जाऊन सगळी भांडी आपटावीशी वाटली. सरकारला काहीही पाजा, ते गिळतं, हे मला या वयात कळायचं होतं.

संध्याकाळी व्हिओरिकाचा फोन आला. कुणीतरी तिला व्हिडिओ पाठवला होता. पोटभर हसली आणि मग म्हणाली,

"आई, मी घर घेतलंय."

"बोलोन्यात?"

"ग्रुशेनीत."

ग्रुशेनी म्हणजे ओढ्यापलीकडचं गाव. तीच माती, तीच द्राक्षं, तसलेच बेवडे. सरपंच तेवढी वेगळी. एक हडकुळी मास्तरीण आहे, कुणाशी धड बोलतसुद्धा नाही.

"तिथं पाणी आहे?"

"दोन वर्षं झाली. गरमसुद्धा येतं."

"अगं, मग उद्घाटन कधी झालं? पावासाठी मला कुणी बोलावलं कसं नाही?"

"झालंच नाही, आई. त्यांनी नळ सोडला, पाणी आलं."

मी सामान हातगाडीवर घालून ओढ्यावरच्या फळीशी पोचले, तेव्हा पंतेलेई मागून धापा टाकत आला.

"काकू, तुम्ही गेलात तर पाव कोण भाजणार? बरं, निदान मत तरी इकडं ठेवा!"

"ठेवते की. तुझ्या विरोधात कुणीतरी द्यायला हवंच ना."

आज व्हिओरिका आणि नात येताहेत. पाहुणे नव्हेत, घरचीच माणसं, तरी पाव भाजलाय. मघापासून नळ उघडते आहे, बंद करते आहे. दरवेळी पाणी येतं. हसू येतं, आणि रागही येतो, की इतकंच तर होतं.

मीठ बेतानं घातलंय.