जुळ्यांची अक्कल

भात पोटरीला आलं की बाजारकुणंगच्या शाळेत मुलांची बाजू आडवी व्हायची. मुली पाढे म्हणायच्या आणि पोरगे भिंतीला टेकून घोरायचे. कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं, म्हणूनच कुणी बोलत नव्हतं. पोरगे रात्रभर शेतातल्या उंच लाकडी माळ्यावर बसून डबा बडवत, रानडुकरं आणि गवे हाकलत. बाईमाणूस माळ्यावर चढलं तर राखणदार देव कोपतो, ही तिथली रीत. बाप दिवसभर जंगलात लाकूड तोडून आलेला. मग उरतो कोण? पोरगा.

उमाजीची जुळी, लाडू आणि तुळजा, तिसरीत होती. तुळजा पहिली यायची. संध्याकाळी चुलीपुढं बसून ती लाडूला दिवसाचा धडा सांगायची, आणि ऐकता ऐकता तो पेंगायचा. पीक घरात येऊन त्याची झोप पुरी होई, तोवर वर्ग कुठल्या कुठं गेलेला असे.

"लाड्या, बहिणीचा परकर नेस आणि टोपी तिला दे," नारायण मास्तर म्हणायचे. वर्ग हसायचा. लाडूही हसायचा, आणि तुळजा पाटीत मान घालायची.

रामनवमीला सुप्याहून रामचंद्रबुवा कीर्तनाला आले. भर दुपारी त्यांनी ध्रुवाचं आख्यान लावलं. बुवांच्या चिपळ्या वाजल्या की माणूस आपलं दुखणं विसरतो; त्या दिवशी सगळं गाव विसरलं. त्या दिवसांत राखण नव्हती, लाडूची झोप झालेली होती. दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओसरीवर त्यानं बुवांना सगळं आख्यान म्हणून दाखवलं, जिथं बुवा थांबले होते तिथं थांबून.

बुवांचे डोळे भरून आले. "उमाजी, तुझ्या पोराला देवानं ओंजळीनं बुद्धी दिली आहे. ती जाते कुठं, ते बघ बाबा."

उमाजीनं मनापासून विचार केला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "शांती, जुळ्यांस्नी अक्कल एकच मिळती. ही तुळजी सगळी वढून घेतीया."

"अवं, अक्कल म्हंजे काय दूध हाय व्हय, एकानं वढलं की दुसऱ्याला न्हाई? झोप द्या त्याला. माळ्यावर मी चढते."

"तू? आन देव कोपला म्हंजे? साऱ्या गावाचं भात जाईल. गप ऱ्हा."

जूनमध्ये लाडू एकटाच चौथीत गेला. तुळजानं बापाचं धोतर धरलं. "बाबा, मी हळू शिकते की. पयला नंबर लाडूला देते. मला दुसरा बी नको."

"शाणी माझी लेक," म्हणत उमाजीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हशी सोडून दिल्या तिच्या पुढं.

पावसाळाभर राखायला काही नव्हतं. लाडू जागा राहिला, जोडाक्षरं वाचू लागला. मास्तरांनी त्याची पाठ थोपटली. उमाजी दिसेल त्याला सांगत सुटला, "बगा! म्या सांगितलं न्हवतं?"

मग भात पोटरीला आलं आणि लाडू माळ्यावर चढला.

सकाळी तो शाळेत बसे ते मान टाकूनच. संध्याकाळी धडा सांगायला तुळजाकडं आता धडाच नव्हता. तिनं विचारलं, "आज काय शिकवलं रं?" तर तो म्हणाला, "मला काय म्हाईत गे? मी झोपलो व्हतो."

चौथीत तो नापास झाला. निकाल ऐकून उमाजी घरी आला. तुळजा अंगण सारवत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि अगदी कळवळून म्हणाला, "पोरी, घरात बसून बी वढतीसच व्हय गे?"

शांती आतून ओरडली, "तिला काय इचारता? त्या माळ्याला इचारा!"

त्यानं ऐकलं नाही. खानापुराकडच्या एका घरातून तुळजाला मागणं आलं होतं. पोर लहान आहे म्हणून त्यानं ते परतवलेलं होतं. आता त्यानंच निरोप धाडला. लांब गेली म्हणजे तरी लाडूची अक्कल सुटेल.

वैशाखात लग्न लागलं. बुवांचा सांगावा आला होता, देव दोघांचं भलं करो. वरातीची गाडी खानापुराकडं, रामनगरच्या वाटेला लागली तेव्हा तुळजाला गाडीतच झोप लागलेली होती. लाडू फर्लांगभर मागं पळाला, मग थांबला.

जूनमध्ये शाळा उघडली. उमाजीनं त्याला नवी पाटी आणली. लाडूनं ती हातात घेतली नाही. बापाची कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि लाकूडतोड्यांच्या मागोमाग जंगलात निघून गेला.