एक गाठोडं कमी

इबू बावीस वर्षं डोंगरावर ओझी वाहत होती. तैवानच्या मधल्या डोंगररांगेत शहरातले हौशी लोक सात-सात दिवस चालायला येतात. त्यांचे तंबू, तांदूळ, गॅस सगळं तिथल्या बुनुन या आदिवासी जमातीच्या माणसांच्या पाठीवरून वर जातं. तीस किलोचं ओझं, कपाळावर पट्टा आणि पायात शेतात घालायचे रबरी बूट. इबूच्या गावात हे काम करणाऱ्या बायका दोनच. एक ती स्वतः आणि दुसरी तिच्या भावाची मुलगी लांगुई.

वर नेलेलं सगळं खाली आणायचं, असा नियम. टूथपेस्टची रिकामी नळीसुद्धा. या नियमापायी बाईला एक जास्तीचं गाठोडं सांभाळावं लागे. वापरलेले पॅड कागदात गुंडाळायचे, दोन पिशव्यांत बांधायचे आणि ओझ्याच्या मागे लटकवायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी उन्हात त्याला वास सुटे. बरोबरचे पुरुष बोलत काही नसत, पण चढावर इबूच्या मागे चालायचं टाळत. एकदा रानमांजरानं ती पिशवी फाडली, तेव्हा उजाडायच्या आत वाकून वाकून तिनं मुक्कामाच्या निवाऱ्याभोवतीचं सगळं गोळा केलं होतं. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही.

वसंतातल्या दोन फेऱ्यांत तिच्या लक्षात आलं, की लांगुईच्या ओझ्याला ते गाठोडंच नाही. तांदूळ निवडता निवडता इबूनं हळूच विचारलं, "कितवा महिना?"

लांगुई आधी बघतच राहिली आणि मग हसून हसून तिच्या हातातली परात सांडायची वेळ आली. तिनं खिशातून एक कापडी बटवा काढला आणि आतली वस्तू आत्याच्या तळहातावर ठेवली. मऊ रबरासारखी, अंगठ्याएवढी, घंटेच्या आकाराची, खाली छोटंसं शेपूट. आत बसवायची, दिवसातून दोन-तीनदा ओतायची, धुवायची, परत बसवायची. पाळी संपली की उकळून ठेवून द्यायची. याला पाळीचा कप म्हणतात, एकच कित्येक वर्षं चालतो, लांगुईनं सांगितलं.

"माझी तीन पोरं ज्या वाटेनं आली, तिथं मी वाटी अडकवू?" इबू म्हणाली. "ठेव तुझ्याकडेच. सॉस वाढायला होईल."

लांगुईनं वाद घातला नाही. वाद घालणं तिच्या स्वभावातच नव्हतं. पण इबूला मागचं सगळं आठवलं आणि त्याचा अर्थ आता लागला. हिवाळ्यात ही पोर कड्याजवळ मध्येच थांबून, ओठ दाबून उभी राहिली होती. एकदा भर उन्हात कमरेला रेनकोट बांधून चालली होती. तेव्हा तो कप नीट बसत नव्हता, गळत होता, दुखत होता. तीन महिने हे सोसून, चुकत-माकत, एकटीनं ती शिकली होती आणि त्या तीन महिन्यांत तिच्या पाठीवरचं ओझं कुणी एका किलोनंही कमी केलेलं नव्हतं. चिवट आहे, इबूच्या मनात आलं. आपल्या आईवर गेलीय.

नोव्हेंबरच्या फेरीत पाऊस लागला. आठ पाहुणे, चार ओझेवाले, म्होरक्या म्हणून इबूचा दीर हुसुंग. चौथ्या दिवशी पुढच्या वाटेवर दरड कोसळली आणि सगळे निवाऱ्यात अडकले. नेमकी त्याच दिवशी इबूची पाळी आली. चार महिने पत्ता नव्हता, ती संपलीच असं समजून तिनं बरोबर मोजकेच पॅड घेतले होते, आणि आली ती अशी, की ते दुपारपर्यंत संपले. पाहुण्यांमधल्या एका शाळामास्तरीणबाईंनी आपल्याकडचे दोन दिले. तेही गेले. मग इबू ओल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून आपला कोरडा टॉवेल फाडू लागली.

लांगुई तिच्याजवळ येऊन बसली. तिनं आपल्या ओझ्याच्या तळातून, तांदळाच्या पिशवीखालून, एक न उघडलेली डबी काढली.

"हा तुझ्यासाठी घेतलाय, आत्या. मोठ्या मापाचा. मूल झालेल्या बाईला हाच लागतो."

"कधी घेतलास?"

"एप्रिलमध्ये."

ओझं हलकं करायला टूथब्रशचा दांडासुद्धा तोडून टाकणारी ही पोर. एप्रिलपासून प्रत्येक फेरीत तिनं ती डबी वर आणली होती, खाली नेली होती, आणि एकदाही बोलली नव्हती. इबूनं फाडलेला टॉवेल बाजूला ठेवला.

आपल्या भाताच्या पातेल्यात असलं काही उकळू देणार नाही, एवढंच ती म्हणाली. मग लांगुईनं बांबूच्या कोंबांचा रिकामा डबा घासला आणि त्यात पाणी ठेवलं. हुसुंग वाफ बघून जवळ आला, सूप आहे का म्हणून विचारू लागला.

"आहे, पण बायकांचं," इबू म्हणाली. "तुम्ही दरडीकडे जाऊन या, भावजी."

निवाऱ्यामागे ताडपत्री बांधून त्यांनी आडोसा केला. इबू आत, लांगुई बाहेर पाठ करून, दोघींच्या डोक्यावर पाऊस. तोंड दुमड, लांगुई सांगत होती, श्वास सोड, कमरेकडे तिरका धर, सरळ वर नको. पहिल्यांदा तो बोटांतून निसटला. दुसऱ्यांदा आत गेला पण उघडेना. इबूनं कप करणाऱ्याला, पावसाला आणि भाचीला ओळीनं शिव्या दिल्या. लांगुईनं तो पुन्हा धुऊन दिला. तिसऱ्या वेळी इबू गप्प झाली.

"बसला?"

"काही कळतच नाहीये."

"मग बसला."

संध्याकाळी काढायची वेळ आली तेव्हा मात्र इबू घाबरली. कप हाताला लागेना. तो वर कुठेतरी गेला, आता पोटात फिरत राहणार, खाली नेऊन डॉक्टरांकडून कापून काढावा लागणार, असं ती ताडपत्रीतून पुटपुटू लागली.

"तिथून पुढे वाटच नाही, आत्या. जाणार कुठं? उकिडवी बस. बाळंतपणात लावतात तसा थोडा जोर लाव. लागला हाताला? आता खालून चिमटीत दाब, हवा सुटू दे. नुसता ओढू नकोस."

मग इबूनं लांगुईला आत बोलावलं. ती कप हातात सरळ धरून बसली होती. त्यात लालभडक, स्वच्छ रक्त होतं. त्याला वास नव्हता.

"हे असं असतं होय," ती म्हणाली. एकोणपन्नास वर्षांच्या बाईनं आपलं रक्त असं पहिल्यांदाच पाहिलं होतं. ओढ्यापासून लांब लांगुईनं खड्डा खणून ठेवला होता. त्यात ते ओतून दोघींनी माती लोटली.

सातव्या दिवशी पाऊस थांबला. दरडीवरून दोर बांधायला लांगुई पुढे गेली आणि तिच्यामागून इबू पूर्ण ओझं घेऊन पार झाली. त्या दिवशी ती रांगेत मध्ये चालली, पुरुषांच्या पुढे.

गावात परतल्यावर रविवारी चर्च सुटलं, की इबू बायकांना आपल्या स्वयंपाकघरात बसवू लागली. भुईमूग सोलता सोलता ती सगळं सांगे, ओळीनं घातलेल्या शिव्यांसकट. ती समोरच्या बाईला गळच घालायची. लांगुई शांतपणे तिला आवरायची. सावी नावाच्या शेजारणीला दोन महिने प्रयत्न करूनही जमलं नाही, तेव्हा लांगुईनं तिला धुवायचे कापडी पॅड शिवून दिले आणि म्हणाली, की न जमणं हा काही गुन्हा नाही. पाच जणींना मात्र जमलं.

इबूला तो कप आणखी दोनदाच लागला. मग पाळी कायमची गेली.

वसंतात वाटा उघडायच्या आधी इबूनं लांगुईला सांगितलं, की पाहुण्यांशिवाय एकदा वर जायचंय, कुदळ आणि पोती घेऊन. दोघी निवाऱ्यापर्यंत गेल्या. मागच्या उतारावर, शेवाळाखाली, इबूनं खणायला सुरुवात केली. वीतभर खाली पॅड निघू लागले. वर्षानुवर्षं पुरलेले, काळे पडलेले, पण प्लॅस्टिक जसंच्या तसं. लांगुई पाहुण्यांच्या नावानं बोटं मोडू लागली.

इबू कुदळीवर हात ठेवून थांबली. "सगळे पाहुण्यांचे नाहीत. पहिली चार-पाच वर्षं मीही इथंच पुरायची. लाज वाटायची गं, खाली न्यायला."

लांगुईनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं हातमोजे वर ओढले आणि शेजारी गुडघे टेकून खणू लागली. दुपारपर्यंत दोन पोती भरली. जड पोतं इबूनं हट्टानं आपल्या पाठीवर घेतलं, लांगुईनं कपाळपट्टा तिच्या कपाळावर नीट बसवून दिला, आणि दोघी उतरणीला लागल्या.