काचेबाहेरची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी कशिद्याची पिशवी आहे. नेर तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर मानीबाईंनी मला शिवलं, तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. जाड लाल कापड, त्यावर पिवळ्या-निळ्या दोऱ्यांचे टाके, मधे आरसे आणि कडेला कवड्या. त्यांच्या लग्नात बायकांनी मला हातोहात फिरवून पाहिलं. पुढे मी शेतात भाकरी नेल्या, बाजारातून हळद-मीठ आणलं. मग प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि मी पेटीच्या तळाशी गेले. तिथे किती वर्षं गेली, ते अंधारात कळलं नाही.

मानीबाईंची मुलगी पुष्पा जर्मनीत नर्स आहे. यंदा तिने आईवडिलांना तिकडची जुनी शहरं दाखवायला बोलावलं.

"कपाशी पेराच्या आंधी वापस येऊ," मानीबाईंचे नवरे खेमसिंग म्हणाले.

"पासपोर्ट म्या माह्या पिशवीत ठेवीन," मानीबाई म्हणाल्या. "त्या चैनवाल्या पर्सवर माहा भरोसा नाही."

अशी मी पेटीतून निघून विमानात बसले. आम्ही दगडी पूल पाहिले, राजवाडे पाहिले. खेमसिंग प्रत्येक किल्ल्याच्या भिंतीला हात लावून विचारत, "चुना हाय का शिमिट?" पुष्पाची लेक समीक्षा खूप हसायची.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही एका संग्रहालयात गेलो. समीक्षाला तहान लागली, म्हणून पुष्पा तिला खाली घेऊन गेली. "इथंच बसजा, मी आलीच," असं सांगून गेली.

समोरच्या काचेच्या कपाटात माझ्यासारख्याच पिशव्या होत्या! चार पिशव्या आणि पाचवी जागा रिकामी. मानीबाई उठल्या. "अवं माय, ह्या तं आपल्याच हायेत!" टाके ताडून पाहायला त्यांनी मला खांद्यावरून काढलं आणि त्या रिकाम्या जागेसमोर काचेला टेकवलं.

मागून बुटांचा आवाज आला. पहारेकऱ्याने रिकामी जागा पाहिली, मला पाहिलं, मानीबाईंना पाहिलं. आणि मला हिसकावून घेतलं.

खेमसिंगांचे हात आपोआप जोडले गेले. गावात कोणाची बकरी हरवली तरी लोक चोर शोधायला आधी तांड्यावर यायचे. त्या वेळी त्यांच्या वडिलांचे हात असेच जोडलेले त्यांनी लहानपणी पाहिले होते.

दोघांना एका लहान खोलीत नेलं. दार लागलं. मला टेबलावर ठेवलं, वर पांढराफक दिवा. पहारेकरी काहीतरी विचारत होता. त्याचा एकही शब्द दोघांना कळत नव्हता.

"माही हाय! म्या शिवली!" मानीबाई ओरडल्या.

"जोरानं बोलू नको, मानी. पासपोर्ट त्याच्याच हाती हायेत."

"म्या चोरी केली का, हळू बोलाले?"

मित्रांनो, पिशवीला तोंड असतं, पण बोलता येत नाही. त्या दिवशी मला ते फार लागलं. पोटात दोघांचे पासपोर्ट, उद्याचं विमान, आणि मी गप्प.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. रिकामा बाक पाहून पुष्पा धावत शोधत आली होती. ती पहारेकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलली. मग आईकडे वळली. "याडी, तो म्हणते, हे पिशवी इथली हाय."

मानीबाईंनी पासपोर्ट काढून ठेवले आणि मला उलटं केलं. आत अस्तर फाटलं तेव्हा लावलेला निळ्या कापडाचा तुकडा होता, त्यावर शाईचा डाग. "हा कोणाचा फ्राक हाय, सांग त्याले."

पुष्पाने त्या डागावर बोट ठेवलं. "माहा. सातवीतला." तरी पहारेकरी मान हलवत राहिला. बसा, वाट पाहा, एवढंच म्हणाला.

शेवटी एक पांढऱ्या केसांची बाई आत आली. त्या दालनाची जबाबदारी तिच्याकडे होती. तिच्या हातातल्या ट्रेमध्ये ती पाचवी पिशवी होती. ती स्वच्छ करायला काढली होती, चोरीला गेलीच नव्हती.

पहारेकऱ्याचा चेहरा लाल झाला. त्याने पुन्हा पुन्हा माफी मागितली. खेमसिंगांचे हात मात्र जोडलेलेच होते. मानीबाईंनी ते धरून वेगळे केले. "सोडा आता."

त्या बाईने मला निरखून पाहिलं आणि पुष्पाला म्हणाली, ही आम्हाला द्याल का? आम्ही जपून ठेवू. खरं सांगते, मला क्षणभर मोह झाला. तिथे धूळ नाही, उंदीर नाहीत.

"काचेतून भाकर कोण नेईन?" मानीबाई म्हणाल्या. मग ट्रेमधल्या पिशवीकडे बघून त्यांनी विचारलं, "हिले कोणं शिवलं?"

पुष्पाने ट्रेमधली चिठ्ठी वाचली. "करणाऱ्याचं नाव मालूम नाही, असं लिवलं हाय."

"पाचही जणींचं?"

पुष्पाने त्या बाईला विचारून सांगितलं, "पाचहींचं."

मानीबाईंनी वाकून त्या पिशवीचा एकेक टाका पाहिला.

विमानतळावर त्यांनी पुष्पाकडून एका कागदावर आपलं नाव लिहून घेतलं. त्यांना अक्षरं येत नाहीत. घरी आल्यावर ओट्यावर बसून, कागद गुडघ्यावर ठेवून, त्यांनी ती अक्षरं माझ्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याने भरायला घेतली. 'नी'ची वेलांटी भलतीकडे गेली. ती उसवून त्यांनी पुन्हा घातली. सुई टोचत होती, पण मी हललेसुद्धा नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी गोधडी शिवली असेल, टोपली विणली असेल. ती फाटेल तेव्हा सांधा, पेटीत टाकून विसरू नका. आणि करणारं माणूस सांगायला समोर आहे, तोवर त्याचं नाव विचारून घ्या.