फुकटच्या चित्राचं गिऱ्हाईक

हट्टा गावच्या पंचफुलाबाईचा जन्म मेंढरांमागं गेलेला. गिऱ्हाईक पारखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणूनच सून मोहिनी हातात फोन घेऊन हसत आली, तेव्हा सासूच्या कपाळाला आठी पडली.

"आत्याबाई, पुण्याचा एक माणूस माझं चित्र इकत मागून राहिला!"

मोहिनीला मोबाईलवर बोटानं चित्रं काढायचा नाद. खांद्यावर कोकरू घेतलेली पंचफुलाबाई तिनं काढली, स्टेटसला लावली, आणि बघता बघता ती गावोगाव फिरली. पेंडीचा दुकानदार नामाजी यानं तर ती आपल्या पाटीवरच चढवली. पंचफुलाबाईला कोण अभिमान!

"आगं, ते तर समद्यांकडं हाय. फुकटच्या मालाला कोन पैसे देतंय? काईतरी पेच हाय."

"चित्र समद्यांकडं राहू द्या म्हनतो. फक्त कॉम्प्युटरवरच्या नोंदीत मालक म्हनून त्याचं नाव लागंल."

हे तर आणखीच विपरीत. गावातल्या एकाला फोनवर फसवून बँक खातं कसं रिकामं केलं, ते तिनं ऐकलं होतं. पण या माणसानं ओटीपी मागितला नव्हता, आधार कार्डही नाही. त्यामुळं तर तिचा संशय दुपटीनं वाढला.

"काईच मागत न्हाई म्हंजे मोठंच काई मागनार. उद्या म्हनंल, हे तोंड माझं हाय. बलाव त्याला हितं."

आणि तो खरोखरच आला. योगेश त्याचं नाव. पंचफुलाबाईनं त्याला बाजेवर बसवलं, पण चहाचं नाव काढलं नाही. समोर उभी राहून ती त्याच्या डोळ्यांत बघत राहिली.

"नामाजीची पाटी उतरवशील?"

"नाही, मावशी."

"गावाच्या फोनातून काढून घेशील?"

"ते कुणालाच जमणार नाही."

"मग तुला काय गावलं?"

योगेश गडबडला. कलेबद्दल, जतन करण्याबद्दल बरंच काही बोलला. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. शेवटी तो हळूच म्हणाला, "खरं सांगू? उद्या मोहिनीताईंचं नाव झालं, तर भाव वाढेल. मग मी पुढं विकीन. त्यातला वाटा त्यांनाही मिळेल."

"आन् न्हाई वाढला तर?"

"मी बुडालो."

पंचफुलाबाईनं पहिल्यांदा श्वास सोडला. लोभ तिला कळत होता. "मोहिनी, च्या ठेव," ती म्हणाली. तरी नजर त्याच्यावरून काढली नाही.

चहा देताना मोहिनीनं विचारलं, "दादा, फोन करून विचारलंत काहून? बाकी कुनी विचारलं न्हाई."

"विचारायला नाव तर सापडायला हवं! महिनाभर शोधत होतो, तेव्हा एका जुन्या प्रतीवर तुमचं नाव दिसलं. फिरणाऱ्या चित्रांवरचं नावच कुणीतरी कापलंय. हे बघा." त्यानं फोन पुढं केला. "कोपऱ्यात तुम्ही नाव लिहिलं होतं ना? तिथं आता या पेंडीच्या दुकानाचा नंबर आहे. सगळीकडं हेच फिरतंय."

पंचफुलाबाईला अक्षर येत नव्हतं. मोहिनीकडं बघितलं तर तिनं मान खाली घातली.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय. पर तुमी पाटीसमोर उभं राहून किती खुश व्हता, आत्याबाई."

सौदा मोहिनीनंच ठरवला. सासू मधे बोलली नाही. योगेशला एसटीत बसवून ती तडक नामाजीच्या दुकानात गेली.

"नामाजी, माझ्या सुनंचं नाव कुठं गेलं?"

नामाजी हसला. "काकू, मोबाईलवरचं फुकटचं चित्र ते! त्यात काय एवढं?"

"फुकटच व्हतं, तर तुझा नंबर घालायची तकलीफ काहून केलीस?"

पेंड न्यायला आलेली माणसं वळून पाहू लागली. नामाजीचं हसू मावळलं. चार दिवसांत पाटीवर मोहिनीचं नाव आलं. पंचफुलाबाईनं ते दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतलं. एकावर विसंबून चालणार नव्हतं.

योगेशवर तिचा आजही पुरता भरवसा नाही. पण त्याचा फोन आला की मोहिनीला ती आधी सांगते, "इचार त्याला, जेवला का."