लंकाबाईंची सावड आणि मी भोंगा

मी भोंगा बोलतोय. अहो, देवळावरचा नव्हे. शूटिंगमधला, हातात धरून ओरडायचा! माझे मालक राधाकृष्ण, टीव्ही मालिकेचे प्रॉडक्शन मॅनेजर. म्हणजे चहापासून बैलगाडीपर्यंत सगळं वेळेवर हजर करायचं आणि काही चुकलं की सगळ्यांची बोलणी खायची.

१९९६च्या माघात आम्ही शेवगावजवळ होतो. मॅनेजर म्हणून मालकांची ही पहिलीच मालिका. तिथल्या शेतकरीण लंकाबाईंच्या उभ्या ज्वारीत दोन भावांचं भांडण अर्धं चित्रित झालं होतं. उरलेलं मंगळवारी; हिरो तेवढ्या एकाच दिवसासाठी परत येणार होता.

मंगळवारी सकाळी बघतो तर काय, बारा बाया रानात उतरून ज्वारी उपटतायत! मालकांच्या तोंडचं पाणीच पळालं. मला तोंडाला लावून ते गरजले, "थांबाऽऽ!"

लंकाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "वरडता कशाला? बहिरी न्हाई मी. आज माज्या रानात सावड हाय. मी ह्या समद्यांच्या रानात राबले, आज त्या माज्याकडं आल्यात. उद्या दुसरीकडं जातील. मग मी एकटीनं उपटू व्हय?"

खरंच की! शेत मागताना मालकांनी ऊन, रस्ता, विहीर, सगळं विचारलं होतं. सावड तेवढी राहिली. दिग्दर्शक तर तडकलेच, "आज शॉट झाला नाही तर उद्या तू घरी!"

मालकांनी मला बांधावर ठेवलं. हळू आवाजात म्हणाले, "मावशी, चुकलं माझं. दुपारपर्यंत एवढी उभी ठेवा. मग आम्ही वीस जण उतरतो तुमच्याबरोबर."

"उपटाया येती का?"

"शिकवा."

बाया खो-खो हसल्या, पण थांबल्या.

बाराला शॉट झाला. मालक पहिले वाकले. मागोमाग कॅमेरावाले, मेकअपवाले. हिरोनं चार ताटं उपटली आणि हाताचे फोड सगळ्यांना दाखवत फिरला. दिवस मावळायला रान मोकळं झालं. मालकांची नोकरी वाचली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

शनिवारी सकाळी त्या सगळ्या जणी सेटवर हजर. मालक घाबरले, आता आणखी काय चुकलं? लंकाबाई म्हणाल्या, "तुमी आमच्या रानात राबला. सावड फेडायला आलोय. काम सांगा."

मी हातात होतो, तरी मालक एकेकीजवळ जाऊन हळू आवाजात काम सांगू लागले.

आता माझे सेल गळालेत, पेटीत पडून असतो. खुशाल भंगारात घाला. पण बाबांनो, कुणाच्या रानात शिराल तर आधी त्या घरच्या बाईला विचारा. ओरडायला काय, अख्खा दिवस पडलाय.