सुभेदाराचा शिक्का

ज्या माणसाने आपल्या आईला मारलं, त्याच्यासमोर सिहेरा ओल्दुन बावीस वर्षं मान लववत होती. दरबारात, सणावारी जेवणाच्या पंगतीत, एकदा तर त्याच्या मुलीच्या लग्नातही. सुभेदार हाद्रेक मोसची तिच्यावर मर्जी होती. "आमची सिहेरा म्हणजे भिंत आहे," असं तो पाहुण्यांना सांगायचा, "फक्त हिला खरोखरीचे कान आहेत." मग आपल्याच विनोदावर पोट हलेपर्यंत हसायचा. सिहेराही हसायची.

थारून सुभ्याच्या हेरखात्याची ती प्रमुख होती. तीन ग्रह, अकरा चंद्र आणि त्यांच्यामधल्या वाटांवर कोण कुणाशी काय बोलतं ते ऐकायचं, हे तिचं काम. अर्ध्या आकाशगंगेवर पसरलेलं साम्राज्य बंदुकांपेक्षा अशा कानांच्या जोरावर जास्त उभं होतं.

तिचा जन्म मेल्वा नावाच्या गोठलेल्या चंद्रावरचा, सातव्या आळीतला. तिथली माणसं घुमटांखाली राहायची आणि बर्फ कापायची. एका वर्षी त्यांच्याच बर्फातला त्यांचा पाण्याचा वाटा सरकारने निम्मा केला, तेव्हा त्यांनी काम बंद पाडलं. त्या वेळी मोस नुसता कप्तान होता. त्याने सातव्या आळीची हवा बंद केली. दोन हजार नऊशे माणसं गेली. सिहेराची आई गेली आणि धाकटी बहीण तामी गेली.

सिहेरा तेव्हा थारूनला सरकारी परीक्षेला आली होती. मेल्वाच्या पोरांना परीक्षेला बसू देत नसत, म्हणून ती एका मेलेल्या मुलीच्या कागदपत्रांवर, तिचं नाव घेऊन बसली होती. आठवड्याभराने निकाल लागला तेव्हा तिचा तिसरा नंबर होता, आणि मेल्वाच्या मेलेल्यांच्या यादीत तिचं खरं नाव होतं. कुठलं खातं हवं, असं विचारल्यावर तिने हेरखातं मागून घेतलं.

बंडखोरांशी तिची गाठ पडायला पुढे चौदा वर्षं लागली. थारूनवर पिवळी धूळ उडते. मुखवट्याशिवाय कुणी रस्त्यावर पाऊल टाकत नाही, आणि मुखवट्याची गाळणी दर दहा दिवसांनी बदलावी लागते. जकातघराच्या मागच्या बोळात उस्मेल नावाच्या म्हाताऱ्याचं गाळण्यांचं दुकान होतं. एक पाय लाकडी, जीभ कानशीसारखी. बंडखोरांच्या मंडळातला तो सगळ्यात जुना माणूस. सिहेरा गाळणी बदलायला जायची आणि जुन्या गाळणीच्या घडीत एक चिठ्ठी ठेवून यायची. गस्तीच्या वाटा, धाडींच्या तारखा, फितुरांची नावं, असं सगळं आठ वर्षं चाललं होतं.

मग गोर्हानच्या खिंडीत बंडखोरांनी बंदुका नेणारा अख्खा तांडा लुटला, आणि राजधानीचं टाळकं फिरलं. तांड्याची वाट फक्त पाच जणांना ठाऊक होती. त्यांच्यापैकी फितूर कोण, ते वीस दिवसांत शोधा, असा हुकूम आला. तपास सिहेराच्या हाताखालच्या सेल्गान रौकडे गेला. अडतीस वर्षांचा, सडपातळ, कमी बोलणारा. त्याला तिनेच शिकवून तयार केला होता.

ती उस्मेलकडे गेली.

"बसा बाई. गाळणी तुंबलीय की डोकं?" म्हणत उस्मेलने दाराला कडी घातली. कडी लागली की तो अहो-जाहो सोडायचा. "बोल."

"वीस दिवसांत कुणाची तरी मान द्यावी लागेल."

"माहितीये. मंडळाचं ठरलंय. सेल्गानची दे."

"मी मोसची म्हणत होते."

उस्मेल हसला, पण लगेच थांबला. "अगं, मोसला आम्ही जिवापाड जपतोय. शिकारीला जायचं म्हणून तो दर महिन्याला गस्तीची जहाजं आपल्या दिमतीला बोलावून घेतो आणि वाटा मोकळ्या सोडतो. असला शत्रू नवस करून मिळत नाही. सेल्गानने मात्र वर्षात आमची तीन ठाणी हुडकली. मोस गेला तर जागेवर कोण बसेल? दगडापेक्षा वीट मऊ, सिहेरा."

"माझ्या चिठ्ठ्यांवर कोपऱ्यात एक खूण असते," सिहेरा म्हणाली. "तीन रेघा आणि एक टिंब."

"असते. तुझी खूण."

"माझी नाही. मोसच्या खाजगी शिक्क्यातली आहे."

उस्मेलने हातातली गाळणी खाली ठेवली. "कधीपासून?"

"पहिल्या चिठ्ठीपासून."

"म्हणजे आम्ही पोरं मारून घेत होतो साम्राज्य मोडायला, आणि तू आमच्या अंगावरून शिडी लावत होतीस एका माणसाच्या मानेपर्यंत."

"तुमची कामं झाली की नाही?"

"झाली. नाही कशाला म्हणू?" त्याने लाकडी पाय दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. "पण आता ऐक. मंडळाचा निर्णय आहे, माझा एकट्याचा नाही. सेल्गान."

"बघते," सिहेरा म्हणाली.

आठ वर्षांत तिच्या 'बघते'चा अर्थ नेहमी 'करते' असाच झाला होता. म्हणून उस्मेलने आणखी काही विचारलं नाही.

सेल्गानला अडकवणं तिला अवघड नव्हतं. दोन खोट्या चिठ्ठ्या आणि एक खोटा साक्षीदार, चार दिवसांचं काम. घरी येऊन तिने ते मनात सगळं जुळवूनही पाहिलं. सेल्गान गेला तर मोस जिवंत राहील, म्हातारा होईल, नातवंडांना मांडीवर घेऊन मरेल, आणि त्याच्या अंत्ययात्रेत आपल्याला खात्याच्या वतीने फुलं वाहावी लागतील. इथे येऊन तिचं मन अडलं ते अडलंच.

दुसऱ्या दिवशी तिने एवढंच केलं: रोजच्या कागदांच्या गठ्ठ्यात मोसची जुनी खाजगी पत्रं सेल्गानच्या टेबलावर पाठवली. गोर्हानला मेलेल्या एका बंडखोराच्या खिशात सापडलेली चिठ्ठी सेल्गानकडे होतीच.

सहा दिवसांनी, दुपारच्या जेवणानंतर, तो तिच्या खोलीत आला. दोन कागद त्याने तिच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले.

"खूण जुळते, बाईसाहेब. सुभेदारांचा खाजगी शिक्का. तारखाही जुळतात. ते शिकारीला गेले की तिसऱ्या दिवशी बंडखोर हालचाल करतात."

"मग?"

"सगळंच जुळतं. इतकं जुळलं की मला भीती वाटते." तो तिच्याकडे बघत राहिला. "सुभेदारांना मी ओळखतो. त्यांना बायकोच्या वाढदिवसाची भेटसुद्धा लपवता येत नाही. आठ वर्षं फितुरी कशी लपवली असेल? हे कुणीतरी रचलंय. कुणी, तेही विचारलं तर मी सांगू शकेन."

सिहेराने चष्मा पुसला. "तुम्हाला काय हवंय, सेल्गान?"

"सुभेदारांची खुर्ची रिकामी झाली तर राजधानी शोध लावणाऱ्यालाच बसवेल. एकदाच विचारतो. सही करू?"

"करा."

त्याने तिथेच, तिच्याच लेखणीने सही केली.

गद्दाराला साम्राज्यात एकच शिक्षा आहे: बिनहवेची खोली. खटला दोन दिवसांत उरकला. शेवटचा जबाब घ्यायचा मान हेरखात्याच्या प्रमुखाचा असतो, म्हणून सिहेरा आत गेली. मोस बाकावर बसला होता. दाढी वाढलेली, अंगरख्याची बटणं काढून घेतलेली. तिला बघताच तो धडपडत उठला.

"सिहेरा, तू तरी सांग यांना. बावीस वर्षं ओळखतेस तू मला. मी असं करीन का?"

"नाही करणार तुम्ही."

"मग सांग ना बाहेर जाऊन."

"चिठ्ठ्या मी लिहिल्या," ती म्हणाली. "तुमचा शिक्का मी उमटवला. मी मेल्वाची आहे. सातव्या आळीची."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो हळूच खाली बसला. "ते बर्फवाले," तो पुटपुटला. "अगं, तो वरचा हुकूम होता. मी कप्तान होतो नुसता. माझ्या हातात काय होतं?"

"हुकूम सहा तासांचा होता. मी वाचलाय. तुम्ही आणखी दोन तास का घातलेत?"

मोस अंगरख्याच्या रिकाम्या काजांशी चाळा करू लागला.

"आपलं खातं सगळं ऐकतं, साहेब. त्या आळीतलंही ऐकलं होतं. नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात मी ते आठही तास ऐकले. माझी आई सगळ्यांना दटावत होती, खाली बसा, बोलू नका, बोललं की हवा जास्त लागते. स्वतः मात्र बोलत राहिली, कारण पोरं घाबरली होती. सहाव्या तासाला ती जिवंत होती. सातव्यालाही होती." सिहेराचा आवाज सपाट होता. "त्याच ध्वनिफितीत तुम्हीही आहात. कुणीतरी विचारलं, साहेब, सहा तास झाले, उघडू का? तुम्ही म्हणालात, राहू दे, जेवून घेऊ आधी."

"मला आठवत नाही," मोस म्हणाला. तो खरं बोलत असावा. तो रडायला लागला होता.

"आठवायला वेळ आहे तुम्हाला. मी सहा तास सांगितलेत. हवा हळूहळू कमी करा म्हणून सांगितलंय."

ती बाहेर आली. दरवाजा लागला. काचेच्या अलीकडे खुर्ची मांडलेली होती. सिहेरा तिच्यावर सहाही तास बसून होती, आणि बघत होती. तिला वाटलं होतं, मधे कधीतरी आपल्याला उठून जावंसं वाटेल. तसं काही झालं नाही. घरी गेल्यावर तिने पोटभर जेवण केलं आणि गाढ झोपली.

सेल्गान सुभेदार झाला. त्याने शिकार बंद केली, वाटा बदलल्या, पहारे दुप्पट केले. चाळीस दिवसांत त्याने बंडखोरांची दोन जहाजं पकडली. एकसष्ट माणसं गेली. नवीन वाटा तो सिहेराला कळू देत नसे, त्यामुळे तिला काही सांगता आलं नाही.

ती उस्मेलच्या दुकानात गेली तेव्हा तो सामान बांधत होता. आज त्याने कडीही लावली नाही आणि चेष्टाही केली नाही.

"एकसष्ट," तो म्हणाला. "त्यातली एक माझ्या भावाची सून. मागच्याच वर्षी तिला मी मुखवटा शिवून दिला होता."

"मला माहीत नव्हतं."

"दुसऱ्याचं असलं की माहीत नसतंच." त्याने दोरी आवळली. "एक सांग. पुन्हा तीच वेळ आली तर?"

सिहेराने खोटं बोलायचा विचार केला. मग म्हणाली, "मोसच."

"ठीक. खरं बोललीस." तो काठीवर उभा राहिला. "मंडळाने ठरवलंय, यापुढे तुझ्याकडून काही घ्यायचं नाही. तुझं आणि आमचं भांडण एकाच घराशी होतं, एवढंच. मी दोन-तीन दिवसांत निघेन. शोधू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्गानने तिला बोलावलं. खुर्ची मोसचीच होती, फक्त गाद्या काढून टाकल्या होत्या.

"बाईसाहेब, चिठ्ठ्या कुणी लिहिल्या ते मला ठाऊक आहे आणि मी गप्प आहे. पण त्या कुणाच्या हातात जात होत्या, ते नाव मला हवंय. उद्या संध्याकाळपर्यंत."

"आणि नाही दिलं तर?"

"तर तीच काच. फक्त तुम्ही पलीकडे."

"बघते," सिहेरा म्हणाली.

ती आपल्या खोलीत आली. खात्याची प्रत्येक खोली ऐकली जाते, प्रमुखाचीही. तसा नियमच होता. त्या फितींची पेटी फक्त प्रमुखाच्या किल्लीने उघडते, एवढं सेल्गान जाणून होता. आपल्याच गळ्याला फास लागेल अशी फीत कुणी बाहेर काढेल, असं मात्र त्याच्या मनात आलं नाही. सिहेराने सहीच्या त्या दुपारची फीत काढली: "हे कुणीतरी रचलंय," "खुर्ची रिकामी झाली तर," "सही करू?", सगळं स्वच्छ. सोबत तिने चार ओळी लिहिल्या. चिठ्ठ्या माझ्या आहेत. मोस निर्दोष होता. सेल्गान रौला हे ठाऊक होतं आणि त्याने खुर्चीसाठी सही केली. खाली तिने आपलं मेल्वाचं नाव घातलं आणि दुपारच्या राजधानीच्या जहाजाच्या टपालात ते पाकीट स्वतः नेऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने सेल्गानला एक नाव दिलं. ते तीन वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं होतं. त्याचा पत्ता शोधण्यात सेल्गानचे पाच दिवस गेले. तोवर उस्मेलच्या दुकानात कोष्ट्याचा हातमाग बसला होता.

सहाव्या दिवशी राजधानीची माणसं आली. दोघांनाही एकाच जहाजात घातलं, समोरासमोरच्या बाकांवर, पायांत साखळ्या. थारून मागे पडून पिवळा ठिपका झाला.

"त्या एकसष्ट जणांसाठी केलंत का हे?" सेल्गानने विचारलं. "तुम्ही तर त्यांना ओळखतही नव्हता."

"नव्हते ओळखत."

"मग? मी तुमचं काय वाकडं केलं होतं? मी तुमचाच शिष्य."

सिहेराने जरा विचार केला. "मोस निर्दोष आहे हे तुम्हाला माहीत होतं, सेल्गान. तरी तुम्ही सही केलीत. माझ्याकडे निदान कारण होतं."

"तुम्हीच 'करा' म्हणालात."

"म्हणाले. म्हणून मी इथे बसलेय."

पहारेकऱ्याने दोघांपुढे कडक रोट आणि खारवलेलं शेवाळ ठेवलं. सेल्गानने ते हाताने बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. राजधानी अजून दोन दिवसांवर होती. सिहेराने आपला रोट खाल्ला, मग हात लांबवून त्याचाही ओढून घेतला.